हॅमिल्टन सोडून गेलेला डॉक्टर

आमच्या घरच्या ग्रुपवर किडनीचे डॉक्टर एच. एल. त्रिवेदी दर काही महिन्यांनी उगवतात. मजकूर ठरलेला: कॅनडातली बक्कळ कमाईची प्रॅक्टिस लाथाडून मायदेशी परतलेला, गरिबांना जीवदान देणारा देवमाणूस. खाली जोडलेले हात. आणि त्याच्याखाली आमच्या दाजींचा माझ्यासाठी राखून ठेवलेला शेरा: "बघा, काही लोक परत येतात." या खेपेला त्याला बंधपत्राच्या वादाची जोड मिळाली. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांनी वर्षभर सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे, हा महाराष्ट्रातला नियम. तो आणखी कडक करावा की मोडीत काढावा, यावर ग्रुपात दोन तट पडलेत. दाजी कडक तटाचे.

मला गप्प बसवत नाही, कारण मी राहतो तेच हे हॅमिल्टन. ओंटारियोतलं पोलाद कारखान्यांचं गाव, जिथं त्रिवेदींनी सत्तरच्या दशकात प्रॅक्टिस केली. शिवाय माझं पोटच डायलिसिसवर, म्हणजे किडनी निकामी झालेल्यांचं रक्त यंत्रानं शुद्ध करण्यावर चालतं. मी डॉक्टर नाही; यंत्रं आणि त्यांना लागणारं पाणी सांभाळणारा तंत्रज्ञ आहे, मूळचा मिरजेचा. त्यामुळे हा मेसेज वाचताना माझं लक्ष भलतीकडेच जातं. बाबा परत आला हे ठीक, पण आल्यावर त्याला तिथं काय मिळालं?

हरगोविंद लक्ष्मीशंकर त्रिवेदींचा जन्म १९३२ चा, सौराष्ट्रात हळवदजवळच्या चराडवा गावातला. अहमदाबादच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिक्षण, पुढे अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिक, मग कॅनडा. १९७७ मध्ये ते अहमदाबादला परतले आणि सिव्हिल हॉस्पिटलात रुजू झाले. त्या काळी आपल्याकडे किडनी गेली म्हणजे माणूस गेला, असाच हिशेब होता. मुंबईत केईएममध्ये १९६५ साली प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला होता, पण रुग्ण फार दिवस जगला नाही. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झालं. चंदीगडला डॉ. चुघ, मुंबईत जसलोकला जयप्रकाश नारायणांवर उपचार करणारे डॉ. मणी, अशी बोटांवर मोजण्याइतकी माणसं हे शास्त्र देशात रुजवत होती. सिव्हिलच्या वॉर्डात येणाऱ्या शेतमजुराला त्यातलं काहीच परवडणारं नव्हतं.

इथवरची गोष्ट मेसेजमध्ये असते. पुढची नसते, कारण ती कागदपत्रांची आहे. त्रिवेदींनी अहमदाबादेत किडनीसाठी वेगळी संस्था उभी केली ती सरकारच्या आवारात, सरकारच्या पैशाच्या आधारानं, पण कारभार स्वायत्त. संस्थेच्या नावातच जी. आर. दोशी आणि के. एम. मेहता हे देणगीदार आहेत. म्हणजे जागा आणि अनुदान सरकारचं, देणग्या व्यापाऱ्यांच्या, आणि कुठलं यंत्र घ्यायचं, कुणाला नेमायचं, गरिबाचं बिल कसं माफ करायचं, हे ठरवायची मोकळीक संस्थेला. गुजरातच्या महाजनी वळणाची ही मांडणी. सरकारकडून पैसे घ्यायचे आणि सरकारी खरेदीच्या फायलीत मात्र अडकायचं नाही, हे ज्याला जमलं त्याला मी आधी कारभारी म्हणून मानतो, देवमाणूस मागाहून.

दाजी याला फाटे फोडणं म्हणतात. पण आमच्या धंद्यात फाट्यावरच सगळं अडतं. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्राव वाहतो. चार तासांच्या एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारं वेगळंच. रुग्णाचं रक्त पातळशा पडद्याच्या एका बाजूला, हे पाणी दुसऱ्या बाजूला. नळाला क्लोरिन असतो म्हणून आपण निर्धास्त पितो. तोच डायलिसिसच्या पाण्यात राहिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पहाटे पहिला रुग्ण खुर्चीत बसायच्या आधी मी क्लोरिन शोषणाऱ्या कोळशाच्या टाकीनंतरच्या नळाचं पाणी छोट्या बाटलीत घेतो, चाचणीची पट्टी बुडवतो, रंग बघतो आणि वहीत सही करतो. ती सही नसेल तर नर्स सुई टोचत नाही. डॉक्टर कितीही मोठा असो, त्या वहीपुढे त्याचं काही चालत नाही.

आता आपल्याकडचं. गेल्या सुट्टीत एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही, डायलिसिस केंद्र बघून आलो. यंत्रं चांगली होती, माझ्या इथल्यांपेक्षा नवी. भिंतीवर उद्घाटनाची फरशी, त्यावर नावांची उतरंड. तंत्रज्ञ पोरगा हुशार, हाताला वळण असलेला. पण पाण्याचा टँकर दुपारपर्यंत आला नाही की दुसरी पाळी रद्द. आठवड्यातून तीनदा यायला हवेत ते रुग्ण दोनदाच येतात. काही एसटीच्या वेळेमुळे, काही मजुरी बुडते म्हणून. एक आजोबा हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, कान लावून त्याची घरघर ऐकून मला सांगत होते, "चालू हाय बघा अजून." त्या केंद्रात परदेशातून परतलेला एखादा त्रिवेदी उद्या आणून बसवला, तर तोही टँकरचीच वाट बघत बसेल.

म्हणून अहमदाबादच्या संस्थेचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते काम म्हणजे गुजरातच्या जिल्ह्या-तालुक्यांत पसरलेली तिची मोफत डायलिसिस केंद्रं. प्रत्यारोपणांचा हजारांतला आकडा मेसेजात झळकतो, पण रुग्णाच्या एसटीचं भाडं वाचतं ते या केंद्रांनी. केंद्र सरकारनं २०१६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी डायलिसिसची योजना जाहीर केली, महाराष्ट्रात महात्मा फुले योजनेतून बिल भागतं, हे सगळं मान्य. बिल भागणं आणि पाळी चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

त्रिवेदींच्या संशोधनाबद्दल मात्र मेसेज लिहिणारे जरा जास्तच हवा भरतात. दात्याच्या मूळपेशी रुग्णाला देऊन परक्या किडनीची शरीराला सवय लावायची, म्हणजे आयुष्यभर घ्यायच्या महागड्या गोळ्या कमी करता येतील, असा त्यांचा प्रयत्न होता. अनेक वर्षं त्यांनी तो चालवला, शोधनिबंध छापले. पण ती पद्धत जगभर रूढ झाली नाही. म्हणून माणूस लहान ठरत नाही. प्रत्यारोपण फुकट झालं तरी गोळ्या परवडेनात म्हणून किडनी गमावणारे रुग्ण ज्यानं पाहिलेत, त्यालाच हा प्रश्न इतका छळतो.

आता कॅनडाचं. दाजींना वाटतं मी इथल्या आरत्या ओवाळायला टपलेला असतो. इथं डायलिसिसचं बिल येत नाही, हे खरं. पार्किंगचं येतं, आणि त्यावर रुग्ण जितके संतापतात तितके आजारावर संतापत नाहीत. ओंटारियोत लाखो लोकांना स्वतःचा फॅमिली डॉक्टर नाही, त्यामुळे ज्याचा रक्तदाब वेळेत सापडायला हवा होता तो माणूस थेट आमच्या खुर्चीतच भेटतो. पण एक गोष्ट दाजींनी ऐकावी. ही सार्वजनिक व्यवस्था डॉक्टरांच्या त्यागातून आलेली नाही. १९६२ मध्ये सस्कॅचेवान प्रांतात ती सुरू झाली तेव्हा डॉक्टर विरोधात संपावर गेले होते, तब्बल तेवीस दिवस. सरकार मागे हटलं नाही, मग तडजोड झाली, आणि पुढे सगळ्या देशानं ती उचलली. डॉक्टर चांगले पैसे कमावतात, सुट्ट्या घेतात, आणि रुग्णाचं काम होतं. त्यासाठी कुणाला महात्मा व्हावं लागत नाही.

किडनी मिळण्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे रांगच. इथं नोव्हा स्कोशिया प्रांतानं २०२१ पासून, नकार नोंदवला नसेल तर मृत्यूनंतर संमती धरायची, असा कायदा लागू केला. ओंटारियोत अजून आपणहून नोंदणी करावी लागते. आपल्याकडे १९९४ चा प्रत्यारोपण कायदा सगळ्यात आधी लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचलात. तरी आजही बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांच्या, आणि देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. आई देते, बायको देते. बायकोची किडनी गेली की घरात एकदम सगळ्यांना आपापला रक्तदाब आठवतो. यावर आमच्या ग्रुपात कधी दोन तट पडलेले मी पाहिले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या मेसेजात कुणी घालत नाही. गुजरातमध्ये मृत दात्याची किडनी हवी तर यादीत नाव घालायला राज्याच्या अधिवासाचा दाखला लागायचा. २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली, आणि पुढल्या वर्षी केंद्रानंही राज्यांना ती काढायला सांगितलं. परत आलेल्या माणसाचे गोडवे गाणाऱ्या राज्यात, बाहेरून येऊन राहिलेल्या रुग्णाला दाखला मागत होते. आपल्याकडचेही काही लोक "आपल्या राज्यातले अवयव आपल्याच माणसांना" असं म्हणताना मी ऐकलंय. मग सोलापूरचा जो माणूस वीस वर्षं सुरतेच्या यंत्रमागावर राबतोय, तो कुणाचा?

२ ऑक्टोबर २०१९ रोजी त्रिवेदी गेले. पद्मश्री २०१५ मध्ये मिळाली होती. बंधपत्राच्या वादात त्यांना ओढणं मला पटत नाही. ते दंडाच्या भीतीनं आले नव्हते, आणि नुसत्या भावनेवर टिकलेही नसते. दहा लाखांच्या धाकानं बावीस-तेविसाव्या वर्षीचा पोरगा आरोग्य केंद्रात वर्षभर बसेलही. तिथं तंत्रज्ञ नाही, औषध नाही, राहायला क्वार्टर गळकं, तर तो पुस्तकं उघडून पुढच्या परीक्षेचा अभ्यास करणार. मीही तेच केलं असतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तेव्हा दाजींचं उत्तर आलं, "मग तू ये की! तुझ्यासारख्यांचीच तर गरज आहे." सोबत डायलिसिस तंत्रज्ञाच्या भरतीची जाहिरात, कुठल्याशा जिल्ह्यातली. मी ती नीट वाचली. एक पद, कंत्राटी, मुदत अकरा महिने, मानधन एकत्रित. पाण्याच्या यंत्रणेची जबाबदारी कुणाची, याचा उल्लेख नाही. तेवढं विचारायला त्यांना जाहिरातीतला फोन नंबर लावायला सांगितलाय.