ओटा कुठून मोजायचा?

स्वयंपाकघराचा ओटा तीन जण मोजतात आणि तिघांची मापं वेगळी येतात. दगडवाला स्लॅब, म्हणजे दगडाची मोठी लादी, मोजतो, मिस्त्री भिंत मोजतो, घरमालक पुढची कड मोजतो. खोटं कुणीच बोलत नाही. ज्याला जिथून परवडतं, तिथे तो टेप लावतो, एवढंच.

साधा एल आकाराचा ओटा घ्या. एक भिंत १० फूट, दुसरी ७ फूट, रुंदी २ फूट. घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला माणूस १० दुणे २० आणि ७ दुणे १४ करून ३४ चौरस फूट काढतो आणि खूश होतो. त्यात कोपऱ्याचा २ बाय २ चा चौकोन दोनदा आलेला असतो. खरा ओटा ३० चौरस फुटांचा. त्या कोपऱ्यात जन्मभर मिक्सरच राहणार, पण पैसे मात्र दोन कोपऱ्यांचे.

कॅल्क्युलेटरचा दुसरा घोळ इंचांचा. ९ फूट ९ इंच म्हणजे ९.७५, पण बोटं सवयीने ९.९ दाबतात. स्लॅब ९ फूट ९ इंच बाय २ फूट ९ इंच असेल, तर या एका सवयीने २६.८ चे २८.७ चौरस फूट होतात. दुकानदाराने असं दाबलं की आपण त्याला लबाड म्हणतो, आपण दाबलं की ‘अंदाज’.

आता खरी मेख. ओटा ३० चौरस फुटांचा असला, तरी बिल ३० चं येत नाही, कारण स्लॅब अख्खाच घ्यावा लागतो. समजा, पसंत पडलेला काळा ग्रॅनाइट ९ फूट बाय २ फूट ९ इंच आहे. १० फुटांची बाजू त्यात बसत नाही, म्हणून भर मधोमध जोड घ्यायचा सल्ला मिळतो. मान हलवण्याआधी कोपऱ्याचा चौकोन दुसऱ्या बाजूला देऊन पाहा: ७ फुटांची बाजू पूर्ण, आणि १० ची उरते ८. दोन्ही तुकडे एकेका स्लॅबमध्ये बसले, आणि एकच जोड, तोही कोपऱ्यात. सिंक आणि शेगडी यांच्या वाटेला तो जाऊ नये, हे मात्र बघा. पाणी आणि उष्णता, दोन्ही जोडाचे शत्रू.

दोन स्लॅब म्हणजे ४९.५ चौरस फूट. दर २०० रुपये धरला, तर डोक्यातले ६,००० बिलावर ९,९०० होतात, वर जीएसटी. पण रुंदीतून उरलेल्या ९ इंची पट्ट्या ‘वेस्टेज’ म्हणून दुकानात सोडून येऊ नका. त्यातूनच मागची ४ इंची पट्टी निघते आणि पुढची कड जाड दिसावी म्हणून खालून चिकटवायची पट्टीही. पट्ट्या विसरणारा माणूस त्याच दगडाचे दुसऱ्यांदा पैसे देतो.

मोल्डिंग, म्हणजे पुढची कड घासून गोल करणं, रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. आतून मोजली तर पुढची कड ८ अधिक ५, म्हणजे १३ फूट. टोकं उघडी असतील तर त्यांचे २ आणि २ वेगळे. मिस्त्री मात्र बसवण्याची मजुरी भिंतीकडून १७ फूट धरतो. हा वाद काम सुरू होण्याआधी घालावा. दगडाला केमिकल लावून झाल्यावर घालायचा नसतो.

भिंतीला पोट असतं, आणि कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतो. एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं, तर त्या बिल्डरला चहाला बोलवा. एरवी रुंदी सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशी तीन ठिकाणी मोजावी. मागची अर्ध्या इंचाची फट भिंतीच्या टाइलखाली झाकली जाते, म्हणून आधी दगड आणि मग टाइल. उलट केलंत, तर ती फट पांढऱ्या सिमेंटने भरून आयुष्यभर घासत बसा.

सिंकच्या भोकाचा दगड वजा होत नाही. उलट भोक पाडायचे वेगळे पैसे. सिंक २४ बाय १८ इंच असेल, तर ते बाहेरचं माप. वरून बसणाऱ्या सिंकचं भोक त्याहून लहान कापतात. सिंक आणि हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) प्रत्यक्ष जागेवर असल्याशिवाय कटर चालू देऊ नये, आणि भोकाचे कोपरे गोल ठेवायला सांगावेत. टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो.

अति काळ्या, अति स्वस्त दगडावर थिनरचा पांढरा फडका घासून पाहा. फडका काळा झाला, तर तुम्ही रंग विकत घेताय.

राहता राहिली हमाली. ८ बाय २ चा १८ मिलिमीटरचा तुकडा ७० किलोच्या आसपास भरतो, आणि तो उभाच न्यावा लागतो; आडवा धरला तर स्वतःच्या वजनाने मोडतो. सिंकचं भोक आधीच पाडलेलं असेल, तर त्याआधीच. लहान लिफ्टमध्ये तो जात नाही, म्हणून जिन्याने. जिन्याच्या वळणाचं माप मात्र तिघांपैकी कुणीच घेतलेलं नसतं, आणि मग जोड कुठे घ्यायचा याची बैठक दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर नव्याने भरते.