एका पेटीत दोन साप नकोच

पाळीव सापांवरच्या तुमच्या लेखात एकमेकांवर वेटोळं घालून बसलेल्या दोन बॉल पायथनच्या (ही अजगराची एक जात) फोटोखाली 'जिवलग जोडी' असं लिहिलंय, ते फार खटकलं. अहो, ही माया नाही. पेटीतला उबदार कोपरा एकच, आणि तो दोघांनाही हवा असतो. दबणारा साप हळूहळू खाणं सोडतो, आणि मालकाला वाटतं किती प्रेमानं राहतात! आम्ही इथे टेक्सासमध्ये कॉर्न स्नेक पाळतो, प्रत्येकाची पेटी वेगळी. सगळ्यात मोठा धोका खाऊ घालताना. एकच उंदीर दोघांनी दोन टोकांनी धरला, की दात आत वळलेले असल्यानं सोडणं अवघड जातं; गिळता गिळता एकाचा जबडा दुसऱ्याच्या डोक्यावर चढतो आणि कधी कधी दोघंही मरतात. किंगस्नेक तर रानातही दुसरे साप खातो, त्याच्यासोबत कुणालाच ठेवू नये. शिवाय पेटीत ओकलेला उंदीर दिसला तर आजारी कोण, हे कळणार कसं? क्रिप्टोचा, म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या परजीवीचा, संसर्ग विष्ठेतून पसरतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. गार्टर साप एकत्र राहू शकतात हे खरं, पण तो अपवाद. निदान फोटोखालची ओळ तरी कृपया बदला, नवखे लोक ती वाचूनच दुसरा साप आणतात.