घोडा बघू द्या, तिकीट नको

पुण्याच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर परवा एकाने मत मांडलं: सोळा-सतरा वर्षांच्या पोराला बापाबरोबर रेसकोर्सवर पन्नास रुपये लावू द्यावेत. हरेल, हात पोळतील, खाज कायमची मिटेल. चोरून मोबाइलवर खेळण्यापेक्षा ते बरं. वर पुस्ती जोडली, सुप्रीम कोर्टाने १९९६ सालीच घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलंय, मग वयाची अट कशाला?

मी टोक्योत राहतो. इथल्या शर्यती भरवणारी जेआरए, म्हणजे जपान रेसिंग असोसिएशन, ही सरकारी संस्था. घोड्यावर पैसे लावायचं जे तिकीट ती विकते, त्या विक्रीतले दहा टक्के सरकारी तिजोरीत जातात, त्यामुळे सोवळेपणाचा प्रश्नच नाही. टोक्योजवळच्या फुचूच्या रेसकोर्सवर रविवारी अख्खी कुटुंबं येतात. पंधराच्या आतल्या मुलांना प्रवेश फुकट, खेळायला ट्रॅकच्या मधोमध मैदान. बाप पेपरातल्या घोड्यांवर पेन्सिलीने खुणा करतोय आणि आई डबा उघडतेय, असा सगळा सहलीचा थाट. उद्याचं गिऱ्हाईक आजच घडवण्याचा हा धंदा आहे, हे मला दिसत नाही असं नाही.

पण पैसे लावायच्या तिकिटाचं वय वीस. एप्रिल २०२२ मध्ये जपानने सज्ञानतेचं वय वीसवरून अठरावर आणलं. अठरा वर्षांचं पोर आता स्वतःच्या सहीने घर भाड्याने घेतं, क्रेडिट कार्ड काढतं. मत तर २०१६ पासूनच देतं. शंभर येनचं घोड्याचं तिकीट मात्र त्याला मिळत नाही. दारू-सिगारेटच्या पंगतीत शर्यतही वीसवरच ठेवली. २००५ पर्यंत तर विद्यार्थी असलात तर वीस पूर्ण होऊनही मनाई होती.

अर्थात, तिकिटाचं यंत्र ओळखपत्र मागत नाही. 'बाबा, सात नंबर लावा!' असं ओरडणारी मुलंही मी पाहिली आहेत. बाप कौतुकाने लावतोही. मला ते पटत नाही. पैसे बापाचे गेले तरी जिंकल्याची नशा मुलाच्या डोक्यात जाते.

मित्राच्या हिशेबात नेमकं हेच राहिलंय. पोरगं पहिल्याच दिवशी हरेल, हे कुणी सांगितलं? पन्नासचे सातशे झाले तर? मग त्याला वाटतं, आपल्याला यातलं कळतं. घोड्याचं कूळ, ट्रॅकची ओल, जॉकीचं वजन यांचा अभ्यास असतो, हे मान्य. पण इथे तिकिटाच्या प्रकाराप्रमाणे लावलेल्या एकूण पैशांतले वीस ते तीस टक्के आधीच कापून उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. तेवढी घट भरून काढून वर कमवायचं, तर बाकीच्या पैसे लावणाऱ्यांपेक्षा किती शहाणं असावं लागेल? हे गणित चाळिशीतले लोक करत नाहीत. आणि तो १९९६ चा निकाल चेन्नईच्या रेस क्लबच्या खटल्यातला. शर्यत कायद्याच्या लेखी जुगार ठरते का, हा तिथला मुख्य वाद; वयाचा नव्हे. गाडी चालवणंही कौशल्यच आहे, म्हणून सोळाव्या वर्षी कुणी ट्रकचं लायसन देत नाही.

मोबाइलचा मुद्दा मात्र खरा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. रेसकोर्स राहिले, त्यांच्यावर चाळीस टक्के जीएसटी बसला. कायदा चुकवणारी ॲप्स वय विचारत बसणार नाहीत, हे उघड आहे. पण रात्री दोन वाजता पांघरुणात मोबाइलवर खेळणारा मुलगा महालक्ष्मी रेसकोर्सची तिकीटखिडकी त्याच्यासाठी उघडली म्हणून तिकडे वळेल, हे कसं? त्याला घरात बसून, कुणाला न कळता खेळायचंय. खिडकीने फार तर आणखी एक जागा वाढेल, तीही बापाच्या आशीर्वादाने.

मित्राला मी एवढंच लिहिलं: पोराला घोडेच दाखवायचे असतील तर सकाळी ने, सराव चालू असताना. शर्यतीच्या दिवशी तुझं तिकीट तू काढ, पण नंबर त्याला विचारू नकोस. त्यावर त्याचा अजून रिप्लाय नाही. दुसऱ्या एकाने मात्र रविवारची टिप मागितली आहे.