खुलासा : रायपनिंग चेंबरमधला आंबा आणि कार्बाइड

मार्केट यार्डातील रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंद खोलीत, पिकवलेला प्रत्येक आंबा कार्बाइडचा, म्हणून विषारी असतो, असा संदेश सध्या पुण्यातील सोसायट्यांच्या गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहेच, आणि ती रास्तही आहे, कारण ओलावा लागताच त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो व सोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. चेंबरमध्ये मात्र इथिलीन सोडतात, जो वायू अढीतला आंबाही पिकताना स्वतःच तयार करतो, आणि एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) २०१६ मध्ये त्याला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी दिलेली आहे. पेटीत कार्बाइडची, म्हणजे लसणासारख्या वासाच्या करड्या खड्यांची, पुडी आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार जरूर करावी. हा संदेश मात्र कृपया पुढे पाठवू नये.