अकरा किट आणि एक परात

रविवारी मिल्या ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर मास्क लावून आला, तिथेच ठिणगी पडली. कोरोनाचे पेशंट पुन्हा सापडल्याची बातमी सगळ्यांनी सकाळीच वाचलेली.

"परत आला का रे तो?" सुभ्या चार फूट सरकला.

"साधी सर्दी आहे. तुमच्यासाठीच लावलाय."

"मार्च २०२० मध्ये तूच सांगायचास, धडधाकट माणसाला मास्क नको," पक्या म्हणाला. "एप्रिलमध्ये घरी शिवा. पुढच्या वर्षी दोन-दोन लावा."

मिल्याची बायको सरकारी हॉस्पिटलात सिस्टर, त्यामुळे अख्ख्या वैद्यकशास्त्राचा जाब त्यालाच. "आजारच नवा होता. कळत गेलं तसं बदललं."

"बदलू दे की! पण तेव्हा 'अजून आम्हाला कळलेलं नाही' म्हणायला काय झालं होतं? माझा गॅरेजवाला सरळ सांगतो, इंजिन खोलल्याशिवाय बोलणार नाही."

(पक्याची गाडी महिन्यातले पंधरा दिवस त्याच गॅरेजात असते, ते सोडा.)

"म्हणून मी पहिल्यापासून सांगत होतो, काढा..." इति सुभ्या. त्या वर्षी हा गळ्यात कापूर-ओव्याची पोटली अडकवून फिरायचा. लिफ्टमध्ये शिरलं की आधी वास यायचा, मग सुभ्या.

"तू गप. आर्सेनिकच्या होमिओपॅथी गोळ्यांच्या बाटल्या वाटल्यास, त्यावर औषधाचं नाव बारीक आणि तुझा फोटो मोठा," नंद्या केमिस्ट म्हणाला. "गोळ्या संपल्या, पण महापालिकेची निवडणूक काही २०२२ ला झाली नाही."

पक्या हसला नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्याचे बाबा घोडबंदरच्या एका हॉस्पिटलात होते. चिठ्ठी आली, रेमडेसिविरची सहा इंजेक्शनं आणा. रात्री दोनला मी आणि तो स्कूटरवर, माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा, बर्फ वितळून पँट भिजलेली. सगळ्या केमिस्टांची शटर्स बंद, तरी बाहेर रांगा.

"जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं, हे देऊ नका, याने माणसं वाचतात असा पुरावा नाही," पक्या म्हणाला. "आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटचे जीव ज्याने खरंच वाचत होते, ते डेक्सा, साधं स्टेरॉइड, किती रुपयांचं होतं रे नंद्या?"

"चिल्लर."

"मग, त्यासाठी कोणी आपल्याला रात्री दोनला पळवलं का?"

मिल्या काही बोलला नाही.

"आणि बिल! सरकारने रोजचे दर बांधले, वॉर्डला ४०००, आयसीयूला ७५००, व्हेंटिलेटरवर ९०००. पीपीई, म्हणजे ते अंगभर घालायचं किट, त्यात धरलं नव्हतं. झालं, रोज अकरा किट! बाबा बँकेत कॅशियर, खाटेवर पडून मोजायचे. दिवसाला तिघं फिरकायचे, आणि तेच तिघं त्याच किटमध्ये शेजारच्या काकांकडे. काकांच्या बिलातही अकरा. माझा विश्वास त्या आजाराने नाही घालवला, त्या बिलाच्या खिडकीवर गेला."

"आमची ही एकाच किटमध्ये आख्खी ड्युटी काढायची," मिल्या हळूच म्हणाला. "बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी प्यायची नाही. घरी आली की सोसायटीची लिफ्ट तिला बंद. नोटीस कोणाच्या सहीची होती?"

सगळे सुभ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरी तोच.

"ठराव झाला होता," सुभ्या म्हणाला.

"२२ मार्चला थाळी वाजवायला गच्चीवर सगळ्यात पुढे तूच होतास!"

"थाळी नाही, परात," नंद्या म्हणाला. "माझ्या आईची. ती अजून आलेली नाही."

"तिला पोचा पडलाय," सुभ्या पुटपुटला. "म्हणून देत नव्हतो."

आता पक्यासुद्धा हसला. परातीचं भाडं किती झालं याचा हिशेब तोच करायला लागला, रोजच्या अकरा किटांच्या दराने. तेवढ्यात कटिंग आलं. चहासाठी मिल्याने मास्क हनुवटीवर ओढला आणि सणसणीत शिंकला. सुभ्या अजून सरकला. पण तिथे कट्टा संपला होता.