पाहुण्या उपदेशकाला आधी काय कळवावे? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय बंधू, प्रभू येशूच्या नावात सलाम.

पाहुण्या उपदेशकांना मंडळीने आधी सविस्तर पत्र पाठवावे, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. वक्त्याला वेळ नेमून देणे म्हणजे पवित्र आत्म्याला घड्याळाच्या काट्याला बांधणे. श्रोते कोण आहेत आणि कशाचे भान ठेवावे हे लिहून पाठवणे म्हणजे देवाच्या सेवकावर अविश्वास दाखवणे. आणि प्रवासखर्च व मानधनाचा उल्लेख निमंत्रणातच करणे म्हणजे सेवेचा बाजार मांडणे, असे आपण म्हणता. आपण स्वतः कित्येक वर्षे ठिकठिकाणी वचनाची सेवा केली आहे, आणि एका मंडळीत संदेश चालू असताना आपल्या हातात ‘आवरते घ्या’ अशी चिठ्ठी देण्यात आली, तो प्रसंगही आपण लिहिला आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय संपवणे मला योग्य वाटले नाही.

त्या चिठ्ठीपासूनच सुरुवात करतो. असे कोणत्याही उपदेशकाच्या बाबतीत घडू नये, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. पण ती चिठ्ठी लिहिण्याची वेळ का आली असावी? किती वेळ आहे आणि त्यानंतर काय आहे, हे आपल्याला आधी कुणी सांगितलेच नव्हते, असे आपल्याच लिहिण्यावरून दिसते. जे आठवडाभर आधी नम्रपणे सांगता आले असते, ते सर्वांच्या देखत व्यासपीठावर सांगावे लागले. आमची मराठी उपासना म्हापशात दुसऱ्या एका मंडळीच्या सभागृहात भरते, आणि आमच्यानंतर त्यांची इंग्रजी उपासना असते. आमचा संदेश लांबला की त्यांची माणसे, त्यांत म्हातारीकोतारी आणि कडेवर मुले घेतलेल्या आया, बाहेरच्या अरुंद व्हरांड्यात ताटकळतात. ‘आपल्याला पस्तीस मिनिटे आहेत, कारण सभागृह आपले नाही’ एवढे वाक्य पत्रात असले की कोणताही समंजस वक्ता ते आनंदाने पाळतो. आत्म्याच्या स्वातंत्र्याविषयी म्हणाल, तर करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात पौलाने बोलणाऱ्यांची संख्या दोन किंवा तीन अशी ठरवून दिली, दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर पहिल्याने गप्प राहावे असे सांगितले, आणि संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात असेही स्पष्ट लिहिले. हे सारे त्याने आत्मिक दानांविषयीच्या शिक्षणातच लिहिले आहे. व्यवस्था आणि आत्मा यांना त्याने एकमेकांसमोर उभे केले नाही, आपणही करू नये.

विषयाबद्दल फार लिहीत नाही. एखादी मालिका चालू असेल तरच आम्ही शास्त्रभाग सुचवतो; एरवी निवड पाहुण्यांचीच असते. लिहिलेला संदेश आम्ही कधीच मागत नाही. बुधवारपर्यंत शास्त्रभाग कळवावा एवढी विनंती असते, कारण शास्त्रवाचन आमची तरुण मुले करतात, त्यांना आधी घरी मोठ्याने वाचून पाहावे लागते, आणि गीते निवडणाऱ्यांनाही तोवर कळलेले बरे. पवित्र शास्त्राची कोणती मराठी आवृत्ती आम्ही पडद्यावर दाखवतो तेही कळवतो, म्हणजे वक्ता एक वाचतो आणि लोकांच्या डोळ्यांसमोर दुसरेच शब्द आहेत, असा गोंधळ होत नाही.

खरा मतभेद आपल्या दुसऱ्या आक्षेपावर आहे, आणि तिथे मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. आमच्या उपासनेला कोण बसतात ते पाहा. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत रात्रपाळी करून, घरी न जाता थेट येणारे तरुण. घरकाम करणाऱ्या बहिणी, ज्यांना दुपारच्या आत कामावर परतायचे असते. शाळेत इंग्रजी आणि खेळताना कोकणी बोलणारी, त्यामुळे जड मराठीला अडखळणारी मुले. आणि बहुतेक रविवारी कुणाची तरी हिंदू सासू किंवा कॅथलिक शेजारीण. अशाच एका रविवारी बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी संदेशाचा मोठा भाग इथल्या फेस्तांवर, म्हणजे कॅथलिक सणांवर, आणि वाटेवरच्या खुरसांवर, म्हणजे क्रुसांवर, टीका करण्यात घालवला. आमच्या एका बहिणीची कॅथलिक शेजारीण त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. त्या बहिणीची मुलगी इस्पितळात असताना याच बाईंनी तिच्या उशाशी रात्री जागून काढल्या होत्या. गीतांचे पुस्तक मिटून मांडीवर ठेवून त्या शेवटपर्यंत बसल्या, आणि चहाला न थांबता निघून गेल्या. वक्त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांच्या भागात तसे बोलणे रोजचेच असावे, आणि इथली घरे एकमेकांत किती गुंतलेली आहेत हे त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. आता पत्रात आम्ही लिहितो की शिक्षण कोणतेही द्यावे, पापाविषयी, पश्चात्तापाविषयी, तारणाविषयी मोकळेपणाने बोलावे. मात्र समोर कोण बसले आहे हे ध्यानात असावे. यात अविश्वास कुठे आहे? उलट, सांगितले की हे देवाचे सेवक नीट समजून घेतील, या विश्वासानेच आम्ही लिहितो.

गोव्यात ही काही नवी रीत नाही. जेझुइट मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तकथेचे काव्य 1616 साली साष्टीतल्या राशोल येथे छापले गेले. ते मराठीत लिहिताना, शुद्ध मराठी सर्वसाधारण लोकांना कळत नाही म्हणून आपण ठिकठिकाणी इथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. श्रोता ओळखून बोलल्याने वचनाचा अधिकार कमी होतो असे त्यांना वाटले नाही. आजही जुने गोवे येथे 24 नोव्हेंबरपासून चालणाऱ्या नोवेनांत, म्हणजे फेस्तापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांत, वेगवेगळे धर्मगुरू प्रवचन देतात, आणि कोणत्या दिवशी कोणता विषय हे आधीच ठरलेले असते. म्हणून त्यांचे प्रवचन कुणी उसने मानत नाही.

मानधनाबद्दल आपण वापरलेला बाजार हा शब्द मला लागला, कारण आम्ही नेमके त्याच्या उलट करू पाहतो. पुण्याहून किंवा बेळगावहून येणाऱ्या तरुण उपदेशकाने तिकिटाचे पैसे कधी उसने घेतलेले असतात, आणि परतीच्या वेळी पाकीट मिळेल की नाही, त्यात काय असेल, याचा विचार मनात घेऊन तो उपदेश करतो. मागण्याचा संकोच त्याने का सोसावा? कामकऱ्याला त्याची मजुरी मिळणे योग्य आहे, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्यांच्या, संदर्भातच म्हटले आहे, आणि योहानाच्या तिसऱ्या पत्रात प्रवासी सेवकांना देवाला शोभेल अशा रीतीने वाटेला लावावे असे गायसाला सांगितले आहे. प्रवासखर्च मंडळी देईल, मुक्काम अमुक घरी आहे, त्या घरी जिना चढावा लागतो, जेवणाचे पथ्य असेल तर कळवावे, हे सारे त्यातच येते. थिवी स्थानक आम्हाला जवळ आहे, मडगाव लांब. मोपा विमानतळ म्हापशाहून सोयीचा आहे, दाबोळी उलट दिशेला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि घाटात दरड कोसळण्याची भीती असते, म्हणून शनिवारीच पोहोचावे, असे आम्ही आग्रहाने लिहितो. रात्रभर बसमध्ये अवघडून आलेल्या माणसाला थेट व्यासपीठावर उभे करणे हे आदरातिथ्य नव्हे.

आपण शेवटी विचारले आहे की संदेश मंडळीला रुचला नाही तर त्याबद्दल वक्त्याशी बोलण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला. रुचण्याबद्दल आम्ही बोलतच नाही. काही चुकीचे शिकवले गेले तर मात्र बोलावे लागते, आणि त्याची रीत प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18 मध्ये आहे. अपुल्लोस वक्तृत्ववान होता, शास्त्रात निपुण होता, तरी त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनी इफिस येथील सभास्थानात उठून त्याला टोकले नाही. त्यांनी त्याला जवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. पुढे तो अखयात जाऊ लागला तेव्हा बंधुजनांनीच त्याच्यासाठी शिफारशीचे पत्र लिहिले. आमच्याकडे हे काम पाळक आणि एक वडील, दोघेच करतात. जेवण झाल्यावर, पाहुण्यांच्या खोलीत, इतर कुणी नसताना. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर पाहुण्यांच्या संदेशाची चर्चा करू नये, असे आम्ही सर्वांना सांगितले आहे.

आपली एक सूचना मात्र मी तशीच घेत आहे. पत्र कितीही नम्र असले तरी ते वयस्कर सेवकांना कोरडे वाटू शकते, म्हणून त्याआधी पाळकांनी स्वतः फोन करावा, असे आपण लिहिले आहे. यापुढे आधी फोन होईल, पाहुण्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाईल, आणि जे बोलणे झाले तेच नंतर पत्रात लिहून पाठवले जाईल.