नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं

परवा कोल्हापूरहून भाच्याचा फोन. कॉलनीतली पोरं टर्फवर खेळतात, आता कुठलीशी छोटी टुर्नामेंट आहे, तर टीमला एक टोपणनाव पाहिजे जर्सीवर छापायला. "मामा, तू फुटबॉलचं लई वाचतोस, काय तर तगडं सांग की." त्यांच्या ग्रुपवर लिस्ट आधीच तयार होती. थंडर, वॉरियर्स, टायगर्स, झालंच तर पँथर्स. मी म्हटलं अरे टोपणनाव आपलं आपण ठेवायचं नसतं, ते दुसऱ्यानं ठेवायचं असतं. तो म्हणाला मामा, प्रिंटिंगवाला शनिवारपर्यंतच थांबणार आहे.

तर हे त्याच्यासाठी लिहितोय. तो वाचणार नाही, तुम्ही वाचा.

आपल्या मराठीत एक भारी सोय आहे. बारशाला आपण नाव ठेवतो, आणि पंगतीत भाजी खारट झाली की नावं ठेवतो. फरक फक्त एका टिंबाचा. आणि माझं वर्षानुवर्षांचं म्हणणं हेच आहे की जगातली चांगली फुटबॉल टोपणनावं बारशाची नसतात, पंगतीतली असतात. ज्याला पटत नाही त्यानं अर्जेंटिनात बघावं. तिथं तर अख्खी लीगच एकमेकांना नावं ठेवून चाललीये.

सुरुवात बोका ज्युनियर्सपासून, कारण मॅराडोनामुळे ते नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना माहिती असतं. ब्यूनस आयर्सच्या दक्षिणेला रियाचुएलो नदी जिथं ला प्लाता नदीला मिळते ते तिचं तोंड, स्पॅनिशमध्ये बोका, म्हणून वस्तीचं नाव ला बोका. बंदराची वस्ती, पत्र्याची घरं, आणि राहायला बहुतेक करून इटलीतल्या जिनोव्हाहून आलेले खलाशी, हमाल, सुतार. १९०५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या पाचसहा पोरांनी चौकातल्या बाकावर बसून क्लब काढला. जिनोव्हाच्या बोलीत जिनोव्हाकर म्हणजे झेनेइझे. तिकडच्या स्पॅनिशमध्ये झ चा स होतो म्हणून अर्जेंटिनात सेनेइसे. हे त्यांचं पहिलं टोपणनाव, आणि अजून चालू आहे. म्हणजे बघा, आज स्टँडमध्ये "सेनेइसे" म्हणून गळा काढणाऱ्या पोराचे पणजोबा कदाचित बोलिव्हियातून आलेले असतील, कदाचित पोलंडमधून, जिनोव्हा नकाशावर कुठंय हे पण त्याला सांगता येणार नाही, तरी तो जिनोव्हाकर. मला हे फार आवडतं. गाव सुटतं पण गावाचं नाव भलत्याच माणसाला चिकटून राहतं.

पण हे झालं सभ्य नाव. दुसरं नाव बोस्तेरो. बोस्ता म्हणजे शेण किंवा लीद, बोस्तेरो म्हणजे ते गोळा करणारा. हे ठेवलं अर्थातच रिव्हर प्लेटवाल्यांनी, म्हणजे त्याच शहरातल्या कट्टर वैरी क्लबवाल्यांनी. एक गोष्ट अशी सांगतात की स्टेडियमच्या जागेवर पूर्वी वीटभट्टी होती आणि विटांच्या मातीत घोड्याची लीद कालवायचे (आपल्याकडे भट्टीवर तूस आणि राख कालवतात, तिकडे लीद), त्याचा वास. दुसरी गोष्ट, नदीला पूर आला की सगळी घाण वस्तीत शिरायची, त्याचा वास. खरं काहीही असो, मुद्दा वासाचाच होता. तुम्ही गरीब आहात आणि तुमच्या अंगाला वास येतो, एवढंच त्या शब्दात म्हटलंय.

आणि बोकावाल्यांनी काय केलं? निषेध नाही, तक्रार नाही. त्यांनी तोच शब्द उचलला आणि गाण्यात घातला. आज रिव्हरवाला "बोस्तेरो" म्हणून शिवी देतो आणि बोकावाला छाती पुढं काढून "हो आहे" म्हणतो. शिवीतली हवाच गेली. आता आपल्या मराठी माणसाला शेणाचं तसं काही वाटत नाही, जमीन आपण त्यानंच सारवतो, पण "शेण खाल्लं" म्हटलं की लगेच लागतं, म्हणजे शेण अंगणात चालतं, तोंडात नाही. बोकावाल्यांनी ते तोंडातही चालवून घेतलं. नाद खुळा.

यात खरी गंमत अशी की रिव्हर प्लेटसुद्धा ला बोकाचंच पोर. १९०१ मध्ये त्याच बंदरात जन्मलेलं, बोकाच्या चार वर्षं आधी. नावाची गोष्ट पण बंदराचीच सांगतात, की खलाशी पेट्या उतरवायचं काम सोडून बॉल खेळत होते आणि त्या पेट्यांवर इंग्रजीत रिव्हर प्लेट लिहिलेलं होतं. मग क्लब हळूहळू शहराच्या उत्तरेला, पैसेवाल्या भागाकडे सरकला. म्हणजे बोस्तेरो ही शिवी जो देतो त्याच्या आजोबांच्या चपलेला पण तोच चिखल होता. जुनं घर सोडून बंगल्यात गेलेला भाऊ जुन्या घरातल्या भावाला नाक मुरडतो ना, तसलं प्रकरण. आपल्याकडे पण असतात असे नातेवाईक, नावं घेत नाही, फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

उत्तरेला गेल्यावर रिव्हरला नाव पडलं मिल्योनारियोस, करोडपती म्हणा. १९३१ मध्ये अर्जेंटिनात व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं आणि रिव्हरनं लगेच कार्लोस पेउसेल्लेला १०,००० पेसोला घेतलं. पुढच्याच वर्षी बेर्नाबे फेरेइराला तिग्रे क्लबकडून उचललं, सुमारे २३,००० पौंड, त्या काळातला जागतिक विक्रम. हा बेर्नाबे म्हणजे काय चीज होती तर एका पेपरनं जाहीर केलं होतं की जो गोलकीपर याला एक मॅच गोल करू देणार नाही त्याला सोन्याचं पदक. असो. करोडपती हे नाव टोमणाच होतं, पण श्रीमंतीचा टोमणा पचवायला काय लागतं? कोणीही पचवतो. म्हणून मला त्यात फार रस नाही.

रस आहे तो कोंबडीत.

२० मे १९६६. कोपा लिबेर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, चिलीमध्ये सांतियागोला. समोर उरुग्वेची पेन्यारोल. आधीच्या दोन मॅचमध्ये एक एक जिंकून झालेली, म्हणून तिसरी त्रयस्थ मैदानावर. हाफटाइमला रिव्हर २-० पुढे. संपल्यात जमा. आणि मग ती प्रसिद्ध घटना, रिव्हरचा गोलकीपर आमादेओ कारिसो, मोठा माणूस, दिग्गज, त्यानं गोलकडे आलेला एक बॉल हातानं न धरता आरामात छातीवर घेतला. पेन्यारोलवाल्यांना वाटलं हा आपली टर उडवतोय. सरकली त्यांची. अल्बेर्तो स्पेन्सर वगैरे मंडळींनी बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये अजून दोन मारले. ४-२.

त्या एका छातीवर घेतलेल्या बॉलमुळे मॅच गेली असं मी म्हणणार नाही. पण लोकांना गोष्ट लागते आणि ती गोष्ट तयार झाली.

खरा घाव पुढच्या आठवड्यात. रिव्हर मायदेशी येऊन लीगची मॅच खेळायला बान्फील्डच्या मैदानावर गेली. बान्फील्ड म्हणजे उपनगरातला साधा क्लब. तिथल्या कोणीतरी स्टँडमधून मैदानात एक कोंबडी सोडली. पांढरी कोंबडी, आणि तिच्या अंगावर रंगानं लाल तिरका पट्टा ओढलेला. रिव्हरची जर्सी डोळ्यासमोर आणा, पांढरी आणि छातीवरून तिरका लाल पट्टा. म्हणजे विचार करा की त्या माणसानं आदल्या दिवशी बाजारातून निवडून पांढरी कोंबडी आणली असेल, घरी बायकोसमोर तिला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ब्रश फिरवला असेल, पट्टा खांद्यावरून खाली बरोबर तिरका यायला पाहिजे म्हणून परत पुसला असेल, आणि मग तिला कोटात लपवून गेटातून आत नेलं असेल. (हे घरचं चित्र माझं, कोंबडी खरी.) अशा माणसाला जाहिरात कंपनीत नोकरी नाही मिळत, पण साठ वर्षं टिकणारं ब्रँडिंग करून गेला बाबा.

तेव्हापासून रिव्हर म्हणजे गायिनास, कोंबड्या. आपल्याकडे घाबरट माणसाला शेळपट म्हणतात, भित्री भागूबाई म्हणतात, तिकडे कोंबडी. मोक्याच्या वेळी कच खाणारे. आणि नाव चिकटायला नशीबाचीही साथ पाहिजे, ती रिव्हरला भरपूर मिळाली. १९५७ नंतर त्यांना लीगचं विजेतेपदच मिळेना. एक नाही दोन नाही, १८ वर्षं. शेवटी १९७५ मध्ये मिळालं तेव्हा पण निर्णायक मॅचच्या वेळी खेळाडूंचा संप, म्हणून ज्युनियर पोरं उतरवली आणि त्या पोरांनी १-० नं काढली मॅच.

क्लबनं प्रयत्न केला बरं का. ऐंशीच्या दशकात कालोई नावाच्या प्रसिद्ध व्यंगचित्रकाराकडून सिंह काढून घेतला आणि जर्सीवर लावला. सिंह! चांगला होता दिसायला. पण लोकांनी काय लक्षात ठेवलं? कोंबडी. भाच्या, तुझे टायगर्स आणि पँथर्स याच पिंजऱ्यात जाणार आहेत.

२००४ ची लिबेर्तादोरेसची सेमीफायनल मात्र यूट्यूबवर शोधून बघाच. रिव्हरचं मैदान, बोकाच्या एकाही समर्थकाला प्रवेश नाही, म्हणजे पूर्ण स्टेडियम विरोधात. शेवटच्या मिनिटांमध्ये विशीतला कार्लोस तेवेझ गोल मारतो, शर्ट काढतो आणि हजारो रिव्हरवाल्यांसमोर कोपर दुमडून पंख फडफडवतो. कोंबडी. रेफरीनं सरळ लाल कार्ड दाखवलं. कोंबडीची नक्कल केली म्हणून सेमीफायनलमधून बाहेर, असं दुसरं उदाहरण मला तरी माहिती नाही. आणि नाटक तिथं संपत नाही, बोकावर इंज्युरी टाइममध्ये रिव्हरनं गोल केला, मॅच पेनल्टीवर गेली, आणि पेनल्टीवर बोका जिंकली. तेवेझ वाचला. हरले असते तर त्यालाच आयुष्यभर कोंबडी म्हटलं असतं.

२०११ मध्ये रिव्हर खालच्या डिव्हिजनमध्ये गेली, तेव्हा बोकावाले पांढऱ्या चादरी पांघरून, त्यावर इंग्रजी बी (म्हणजे खालची डिव्हिजन) लिहून, भूत बनून मॅचला यायला लागले. आणि २०१८ ला लिबेर्तादोरेसच्या फायनलमध्ये रिव्हरनंच बोकाला हरवलं, ते पण माद्रिदमध्ये, कारण बोकाच्या बसवर हल्ला झाल्यामुळे मॅच देशाबाहेर न्यावी लागली. आता बरेच रिव्हरवाले स्वतःच स्वतःला कोंबडी म्हणवून घेतात. पन्नासेक वर्षं लागली, पण शेजाऱ्याकडून शिकले.

सगळंच गोड नाही. बोकाचं अजून एक नाव आहे बारावा खेळाडू. १९२५ मध्ये टीम युरोपच्या दौऱ्यावर गेली तेव्हा काफारेना नावाचा एक फॅन सोबत गेला, सामान उचल, मालिश कर, पडेल ते काम. म्हणून तो बारावा. इतकं साधं, इतकं घरगुती नाव. आज ला दोसे म्हणजे बारा म्हटलं की बोकाची गुंड टोळी डोळ्यासमोर येते, तिकिटांचा काळाबाजार, पार्किंगची वसुली, मारामाऱ्या. पडेल ते काम करणाऱ्या एका भल्या माणसाचं नाव असं हातचं गेलं याचं मला वाईट वाटतं.

बाकीच्या क्लबांची तर जत्राच आहे. सान लोरेन्सोवाले कावळे, कारण क्लबला थारा देणाऱ्या पाद्र्याचा झगा काळा (दिवंगत पोप फ्रान्सिस याच कावळ्यांपैकी होते), चाकारितावाले अंत्यविधीवाले कारण क्लब निघाला तो स्मशानाशेजारी, ला प्लाताच्या हिम्नासियाचे लोक आतडीवाले कारण कत्तलखान्यातले कामगार मॅचला यायचे. आणि रोसारियो शहरात तर कहर. तिथं कुष्ठरोग्यांच्या मदतीसाठी एक मॅच ठरली असं सांगतात, न्यूवेल्स क्लब तयार झाला, रोसारियो सेंट्रल नाही म्हणाला. झालं, न्यूवेल्स कुष्ठरोगी आणि सेंट्रल हलकट. बाबा आमट्यांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला पहिलं नाव ऐकून जरा गलबलतं, आणि मग लक्षात येतं की ते लोक ते अभिमानानं घेतात, मदतीला उभे राहिलो म्हणून मिळालेलं नाव आहे ते. मेस्सी लहानपणी न्यूवेल्सचा, दी मारिया सेंट्रलचा. म्हणजे २०२२ ची वर्ल्ड कप फायनल, जिच्यानंतर आपल्या कोल्हापुरात रात्रभर गाड्या फिरत होत्या, त्यात अर्जेंटिनाचे तिन्ही गोल एका कुष्ठरोग्यानं आणि एका हलकटानं मारले.

आता कोणी म्हणेल कोल्हापुरात क्लबांना टोपणनावं कुठंयत. भावा, जिथं फुटबॉल टीमचं मूळ नावच तालीम मंडळ आहे तिथं वेगळं टोपणनाव कशाला पाहिजे. लाल मातीतनं उठून पोरं बॉलमागं धावली हे नावातच आलं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, जरा कमी लांबीचं. तो ऐकून घेऊन म्हणाला, मामा, आम्हाला ठेवलंय की एक नाव समोरच्या गल्लीनं, पण ते आम्ही छापणार नाही. खूप खोदल्यावर सांगितलं. मागच्या महिन्यात फ्रेंडली मॅचमध्ये हाफटाइमला २-१ नं पुढं होते, मग मधल्या वेळात सगळ्यांनी मिळून किलोभर भडंग संपवलं, आणि सेकंड हाफमध्ये कोणाला पळता येईना. ७-२ नं हरले. तेव्हापासून टर्फवर पाय ठेवला की पलीकडून आरोळी येते, "आलं बघा भडंग!"

मी म्हटलं छाप. तो म्हणाला येडा हाईस का मामा. फोन ठेवला.

काल रात्री बहिणीनं प्रिंटिंगवाल्याचा फोटो पाठवला. काळी जर्सी, पुढं झेप घेणारा पँथर. भाच्याला विचारलं पाठीवर काय आहे, तर म्हणतो पाठीवर फक्त नंबर. मग जरा थांबून म्हणाला, गोलकीपरनं मात्र स्वतःच्या जर्सीवर भडंग टाकलंय, आम्हाला न विचारता.

गोलकीपरचं नाव विचारून ठेवलंय. पोराला फुटबॉल कळतं.